निर्जळी गुरुवार

आमच्या कॉलेजात दोनच गोष्टी वेळेवर व्हायच्या. एक नवले सरांचा राज्यशास्त्राचा तास, आणि दुसरी माझ्या भावाच्या डब्यावर पडणारी धाड.

कॉलेज शिरूरचं, पण त्यात शहराचं असं काही नव्हतं. कला आणि वाणिज्य, दोन मजले, पत्र्याचं सायकल स्टँड, फाटकात भलामोठा कडुनिंब. लायब्ररीत पुस्तकं कमी आणि गाइडं जास्त. सर गाइडातलंच सांगायचे आणि आम्ही वहीत उतरवून घ्यायचो, म्हणजे गाइडाचे पैसे वाचले. गावागावांतून पोरं सकाळच्या एसटीनं यायची, तास दुपारी संपायचे आणि परतीची गाडी अडीचला. मधला वेळ डबे खायचा, परीक्षा पुढं गेल्याच्या अफवा सोडायचा आणि कोण कुणाकडं बघतंय ते बघायचा. खरं कॉलेज तेवढंच होतं. पदवी त्याच्यासोबत मिळून जायची.

माझा भाऊ नागसेन तेव्हा टी.वाय.ला होता आणि मी एफ.वाय.ला. दादाला सगळं कॉलेज ओळखायचं. वक्तृत्वात कप आणायचा, गॅदरिंगला सूत्रसंचालन करायचा, आणि नवले सरांचा चष्मा घरी राहिला की सर त्याला आमच्या एफ.वाय.च्या तासालाही बोलावून उभं करायचे. "नागसेन, कलम सतरा." अस्पृश्यता बंद केल्याचं ते कलम दादा एका दमात म्हणून दाखवायचा. सर म्हणायचे, "लिहून घ्या. पाच मार्कांना हमखास येतं."

आम्ही बौद्ध. पोराचं नाव नागसेन ठेवल्यावर लपवायचं काय राहतं? आणि लपवायची गरजच नाही, असं दादाचं ठाम मत होतं. काळ बदलला, म्हणायचा. पुरावा काय, तर त्याचा डबा.

आमच्या आईच्या, चांगुणाच्या, हाताला चव होती. तिच्या मासवड्या वस्तीत कुणालाच जमायच्या नाहीत. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, आत तीळ-खोबऱ्याचं झणझणीत सारण, मग फडक्यानंच वळून वड्या कापायच्या आणि काळ्या रश्श्यात बुडवून खायच्या. ज्या दिवशी त्या डब्यात असत, त्या दिवशी दादाच्या वाट्याला रस्सा उरायचा. पहिला हात बाळासोचा. बाळासो नदीपलीकडच्या राहूचा, शिरूरला खोली करून राहायचा, दादाचा जिगरी दोस्त. "नाग्या, मावशीला सांग, मला बहीण असती तर तुझ्या घरी दिली असती," असं म्हणून बोटं चाटायचा. दादा हा निरोप घरी येऊन सांगायचा आणि आई दुसऱ्या दिवशी दोन भाकरी जास्त थापायची.

एरवी ही टोळी फाटकातल्या कडुनिंबाखाली बसायची. शनिवारी मात्र सायकल स्टँडच्या मागं, जिथं पोरं लघवीला जायची तिथं. ऊन लागतं म्हणायचे. शनिवारचं ऊन वेगळं असतं का, हे मी कधी विचारलं नाही.

आईचं एकच म्हणणं असायचं. "येकदा आण की पोरांना घरी. ताटात वाढू दे मला. डब्यातलं गार खात्यात बिचारी." दादा निरोप द्यायचा. बाळासो म्हणायचा, येतो की, परीक्षा झाली की. मग दिवाळी झाली की. मग ऊस गेला की. आईला कशाचीही तारीख चालायची. दोन वर्षं ती वाट बघत होती. ज्या पोरांना तिनं कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्यातला कोण तिखट खातो आणि कुणाला कढी आवडते, हे तिला पाठ होतं.

दादानं मग त्याच्या मते नामी युक्ती काढली. कॉलेजचं श्रमसंस्कार शिबिर दर डिसेंबरला कुठल्यातरी गावात सात दिवस मुक्काम ठोकायचं. त्या वर्षी, अठ्ठ्याण्णव साली, दादा नवले सरांच्या मागं लागला आणि शिबिर आमच्या गावात आणलं. वडगाव रासाईच्या अलीकडं, भीमेच्या काठाला आमचं गाव. ओढ्यावर पोत्यांचा बंधारा घालायचा होता. गावचे सरपंच रखमाजी, आणि रखमाजी म्हणजे बाळासोचे सख्खे मामा. सगळं घरचंच, दादा म्हणाला. मला तेव्हाच कसंतरी वाटलं होतं, पण घरात माझं कोण ऐकतंय?

शिबिराची एक पद्धत होती. सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण शिबिराच्या खर्चातून, आणि संध्याकाळचं जेवण गावानं द्यायचं, रोज एका आळीनं. पोरांनी त्या आळीत जायचं, पंगतीला बसायचं, जेवण झालं की दोन गाणी म्हणायची. वार ठरवायला पारावर बैठक बसली. पाटील आळीनं रविवार घेतला, माळ्यांनी सोमवार, असं चाललेलं. तेवढ्यात आमच्या वस्तीतली आक्काबाई उभी राहिली. सत्तरीची बाई, आवाज अजून खणखणीत.

"आमचा बी येक दिस धरा," ती म्हणाली.

रखमाजींनी सरांकडं बघितलं. सरांनी डायरीकडं बघितलं. डायरीत काय बघायचं होतं कुणास ठाऊक.

"गुरुवार," सर म्हणाले. "गुरुवार तुमचा."

दादानं घरी येऊन आईला उचलूनच घेतलं.

बुधवारपासून वस्तीत लग्नघर झालं. कुणी बेसन दिलं, कुणी तेल, कुणी खोबरं. विहारापुढचं अंगण सारवलं. नदीकाठच्या वाडीतून सतरंज्या आणल्या. आईनं ठेवणीतलं जांभळं लुगडं काढलं. मी शिबिरातच होते, मुलींबरोबर शाळेच्या एका खोलीत मुक्काम, पण गुरुवारी मदतीसाठी म्हणून सरांची परवानगी काढून सकाळीच घरी आले. दुपारपर्यंत परातीच्या पराती मासवड्या झाल्या. पाच-सहा बायका नुसत्या फडकी पिळत होत्या. आई सारणाची चव बघायला मला बोलवायची आणि पुन्हा पुन्हा विचारायची, "बाळासोला तिखट चालतंय ना? त्यो फर्शीवाल्याचा पोरगा, त्याला कमी लागतं."

ऊन कलायला लागलं आणि दारात सायकल वाजली. बाळासो. आई हात पुसत बाहेर आली. दोन वर्षं जेवू घातलेलं पोर तिनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"ह्योच का बाळासो? आरं, आत ये की."

"न्हाई मावशी, चपला चिखलानं भरल्यात."

"मातीचंच घर हाय बाबा. ये."

तो उंबऱ्याबाहेरच राहिला. सायकलची घंटी उगाच खाजवत म्हणाला, "मावशी, येक सांगायचं व्हतं. आज गुरुवार. मार्गशीर्षातला. सगळ्यांचा उपास हाय."

माझ्या हातातली परात मी खाली ठेवली. मार्गशीर्षातला गुरुवार हे बायकांचं व्रत. घट मांडायचा, कहाणी वाचायची, हळदीकुंकू करायचं. पन्नास शिबिरार्थी, त्यातले निम्म्याहून जास्त मिशा फुटलेले घोडे, सगळे एकाच दिवशी महालक्ष्मीचे भक्त झाले होते! आदल्या गुरुवारी हाच बाळासो कॉलेजच्या कॅन्टीनला माझ्यासमोर तीन वडे हाणत होता.

मी तोंड उघडणार, तोच आईनं कपाळावर हात मारला. रागानं नाही, लाजेनं.

"आगं बया! माझ्या ध्यानातच आलं न्हाई. आमच्यात नसत्यात रं उपास, म्हून कळलं न्हाई. चुकलं बग माझं." मग लगेच तिचा चेहरा उजळला. "मग भगर चालंल की! भगर आन् शेंगदाण्याची आमटी. दिस मावळायच्या आत करते. जा, सांग पोरांना. उपाशी न्हाई ऱ्हाऊ देत मी."

बाळासो माझ्याकडं बघायला लागला. मी काही तरी बोलून त्याला सोडवावं, अशी त्याची नजर होती. मी कशाला सोडवू?

"बरं," एवढंच म्हणून त्यानं सायकल वळवली.

मी आईला म्हणाले, "आई, खोटं बोलतोय तो."

"गप. देवाधर्माचं कुणी खोटं बोलतं का?"

मग सुरू झालं दुसरं पर्व. सगळ्या वस्तीतून भगर गोळा होईना, तेव्हा वाण्याकडून उधारीवर आणली. मासवडीची भांडी उपासाला कशी चालतील? म्हणून आईनं प्रत्येक पातेलं राखेनं घासलं, मग चिंचेनं, मग नुसत्या पाण्यानं. कांदा-लसणाचा हात लागायला नको म्हणून तिनं साबणानं हात धुतले, लुगडं बदललं. जांभळं लुगडं परत ट्रंकेत गेलं. आक्काबाई ओसरीवर बसून बघत होती.

"चांगुणे," ती म्हणाली, "बाबासाहेबांनी आपलं उपास सोडवलं, आन् तू दुसऱ्याचं पाळतीस व्हय गं?"

"पाव्हण्यांचं हाय, आक्का. आपलं न्हाई."

मासवड्या वस्तीतल्या पोरांनी खाल्ल्या. त्या संध्याकाळी त्यांच्याएवढं सुखी तालुक्यात कुणी नव्हतं. आईनं पानानं झाकून एक ताटली तेवढी बाजूला ठेवली.

दिवेलागणीला अंगणात सतरंज्या पसरल्या, पत्रावळी मांडल्या, घागरी भरून ठेवल्या. भगरीची वाफ सगळीकडं पसरली होती. कुणी आलं नाही. वस्तीतली माणसं कपडे बदलून उभी होती, बायका पदर सावरत होत्या. पहिल्यांदा आई म्हणाली, हातपाय धूत असतील. मग म्हणाली, बंधाऱ्याचं काम लांबलं असंल. मग भगरीवरचं झाकण नीट बसवायला गेली.

शेवटी दोघं आले. नवले सर आणि त्यांच्या मागं दादा. दादाचं तोंड बघितलं आणि मला कळलं, त्याला आत्ताच समजलं होतं.

सर अंगणाच्या कडेला थांबले. सतरंजीच्या अगदी काठावर, पण पाय सतरंजीला लागू दिला नाही. हात जोडले.

"ताई, तुमचा भाव पोचला. पण गैरसमज झाला. पोरांचा उपवास निर्जळी आहे. पाणीसुद्धा घेत नाहीत."

आक्काबाई पुढं आली. "सर, मार्गशीर्षातला गुरुवार सांच्याला सुटतो की हो. मी वाण्याच्या घरी धा वरसं भांडी घासली. सांच्याला गोडाधोडाचं करत्यात."

"आमचा कडक असतो, आजी. सकाळी सुटतो."

"पन्नास पोरांचा?"

"हो."

"आन् पाणी न पिता पोरांनी दिसभर पोत्यात वाळू भरली?"

"श्रद्धा असते," सर म्हणाले. ज्या आवाजात ते कलम सतरा सांगायचे, त्याच आवाजात म्हणाले.

आक्काबाई आणखी काही बोलणार होती, पण आईनंच तिला मागं ओढलं. "आक्का, कशाला तरास देतीस? लेकरं आधीच उपाशी हायती." मग सरांना म्हणाली, "सकाळी सोडायला मी घिऊन येते. हातचं न्हाई म्हणू नका."

सर हसले आणि निघून गेले. दादा गेला नाही. तो पत्रावळींच्या रांगेकडं बघत उभा राहिला. आई त्याला म्हणाली, "तू बी धरलास का रं निर्जळी?" दादानं मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही. पण आईला हो वाटलं.

"मग मी बी धरते," ती म्हणाली. "पाव्हणं उपाशी आन् आपण गिळायचं, असं कुठं असतं का?" सकाळपासून चुलीपुढं होती, तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. मी भांडले, हाताला धरून ओढलं. तिनं पाण्याचा थेंब घेतला नाही. मला तेव्हा सरांचा आला नाही एवढा राग आईचा आला.

मुलींना मुक्कामाला परतायची सक्ती, म्हणून मला शाळेत जावं लागलं, दादा सोडायला आला. मी पोचले आणि थोड्याच वेळात रखमाजींची जीप शाळेच्या आवारात आली. दोन मोठी पातेली उतरली. झाकण काढायच्या आधीच वासानं सांगितलं. कोंबडी. मार्गशीर्षातल्या गुरुवारी, ज्यांच्या घरी महिनाभर अंडं शिजत नाही, तेही तुटून पडले. देवीलासुद्धा सोडलं नाही.

माझ्या शेजारच्या पथारीवरची सीमा ताट घेऊन आली. वर्गात आम्ही एका बाकावर बसायचो. तिनं माझ्याकडं न बघता म्हटलं, "आमच्या घरी काही नाही गं तसलं. पण सगळ्यांनी एकदम ठरवलं." मी म्हणाले, "जेव तू. उपाशी राहू नकोस, देवी कोपेल." ती रडायला लागली आणि रडत रडत जेवली. भूक फार असते माणसाला.

दादा व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. बाळासो त्याच्यासाठी ताट घेऊन गेला. मी खिडकीतून ऐकत होते.

"नाग्या, तुझ्यासाठी तंगडी ठेवलीय. घे."

दादानं ताटाकडं बघितलंसुद्धा नाही.

"राग आला व्हय? आरं, मामाचं गाव हाय हे. सगळा गाव बघत असताना तिकडं जाऊन पंगतीला बसलो, तर मामा मला उभा चिरंल. आपल्यात काय हाय का तसलं? कॉलेजात मी तुझ्याच डब्यात जेवतो ना रोज?"

"माझी आई उपाशी आहे," दादा म्हणाला.

"का?"

दादानं त्याला सांगितलं. बाळासो म्हणाला, "लई भोळी हाय रं मावशी," आणि ताट दादाच्या शेजारी ठेवून आत गेला. दादानं त्याला हात लावला नाही. पण उठून घरीही गेला नाही. का गेला नाहीस, असं मी त्याला पुढं विचारलं, तर म्हणाला, कोणत्या तोंडानं जाऊ?

सकाळी प्रभातफेरी निघायच्या आधीच आई आणि आक्काबाई शाळेच्या फाटकात हजर. आईच्या डोक्यावर भगरीचं पातेलं, हातात मासवड्यांची झाकलेली ताटली. ओठ सुकून पांढरे पडले होते. हापशापाशी रात्रीच्या पत्रावळी पडल्या होत्या आणि गावातली कुत्री हाडं फोडत होती. आई थांबली. आधी कुत्र्यांकडं बघितलं, मग दात घासत उभ्या असलेल्या पोरांकडं. बाळासो त्यांच्यातच होता, तोंडात ब्रश, फेस गालावर. तो जागचा हलला नाही.

मला वाटलं, आता आई ओरडेल. पातेलं आपटेल. निदान रडेल.

"कुत्र्यांचा उपास सुटला म्हणायचा," एवढंच ती म्हणाली आणि आल्या पावली वळली. हापशावर थांबून तिनं दोन ओंजळी पाणी पिलं. आक्काबाई मात्र वस्तीपर्यंत शिव्या देत गेली, एकेक घरापुढं थांबून.

शिबिर संपलं. समारोपाला सरांनी गावच्या एकोप्याचं कौतुक केलं आणि दादाला उत्कृष्ट शिबिरार्थी म्हणून स्टीलचा तांब्या मिळाला. पुढं चाचणी परीक्षेत कलम सतरावर प्रश्न आला. मी ते शब्दनशब्द लिहिलं. पाचपैकी साडेचार पडले. अर्धा मार्क कशाचा कापला, हे मात्र सरांनी सांगितलं नाही.

आणि कॉलेज? कॉलेज होतं तसं सुरू झालं. पहिल्याच दिवशी कडुनिंबाखाली बाळासोनं दादाचा डबा पुढं ओढला. "काय दिलंय रे मावशीनं?" दादानं डबा ओढू दिला. मी घरी येऊन थयथयाट केला. दादाला म्हणाले, तुला लाज नाही. दादा म्हणाला, "शेवटचं वर्ष आहे, भागी. मी एकट्यानं कुठं बसू?" त्याचा आवाज इतका केविलवाणा होता की मला आणखीच संताप आला. आई रोज दोन भाकरी जास्त थापतच राहिली. "पोरगं येकलं पडंल," म्हणायची. पण निरोप विचारायची बंद झाली. कोण काय म्हणालं, कुणाला काय आवडलं, काहीच नाही.

जानेवारी सरत आला होता. एका शनिवारी ती पहाटे उठून मासवड्या करायला बसली. मोठा चार पुड्यांचा डबा भरला आणि दादाच्या हातात न देता स्वतःजवळच ठेवला. "आज बाजाराला येते," म्हणाली. "दुपारी कालिजात येते. पोरांना सांग, डबा मी आणणार हाय." शिरूरचा बाजार शनिवारचा. सगळ्या तालुक्याची माणसं त्या दिवशी कॉलेजच्या फाटकावरून जातात. हे लिहिताना किती सोपं वाटतं. तेव्हा ते माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. आईच्या शिरलं होतं.

दुपारी ती आली. मी तिला सायकल स्टँडच्या मागं घेऊन गेले. दादा, बाळासो आणि आणखी दोघं तिथं बसले होते. बाळासो चटकन उठला, वाकून पाया पडला. पायाला हातही लावला! "मावशी, त्या दिवशीचं मनात धरू नका."

"बस," आई म्हणाली. तिनं पहिला पुडा उघडला. वास सुटला. बाळासोनं एक मासवडी उचलली, अख्खी तोंडात घातली आणि डोळे मिटले. "काय हात हाय मावशी!" तो भरल्या तोंडानं म्हणाला.

आईनं इकडंतिकडं बघितलं. मुताची ओली भिंत, गंजलेले पत्रे. "हितं का बसताय रं घाणीत? चला की झाडाखाली."

"तिथं ऊन लागतं मावशी."

"निंबाखाली?" आई म्हणाली. तिनं पुडा झाकला, डबा उचलला आणि चालू लागली. आम्ही बघतच राहिलो. ती सरळ फाटकापाशी गेली, कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून बसली, पदर पसरावा तसं फडकं पसरलं आणि चारही पुडे मांडले. रस्त्यानं बाजार वाहत होता. पिशव्या, कोंबड्या, टोपल्या, माणसं. तिनं वस्तीवर हाक मारतात तशी हाक मारली.

"ये बाळासोऽ! ये रं लेकरा, जेवायला!"

माणसं वळून बघायला लागली. बाळासो सायकल स्टँडच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथंच खिळला. त्याच्या गालात अजून घास होता. फाटकाशी कोथिंबिरीची जुडी घेऊन रखमाजी उभे होते. त्यांनी आईला बघितलं, मांडलेल्या डब्याला बघितलं, आणि मग भाच्याला.

"काय रं बाळासो," ते म्हणाले, "त्वांडात काय हाय?"

तो भिंतीकडं वळला. घास त्यानं थुंकला. सगळा. मग जिभेवर राहिलेलंही बोटानं काढलं, बोट पँटला पुसलं आणि तोंड फिरवून म्हणाला, "काय न्हाय मामा. शनिवार हाय. उपास हाय."

रखमाजी मान हलवून बाजाराकडं गेले. दादा भिंतीच्या बुडाशी पडलेल्या त्या घासाकडं बघत होता.

"नागसेन," आईनं हाक मारली. आवाजात प्रेम नव्हतं. "हिकडं ये. बस. जेव."

दादा गेला, मांडी घालून बसला. मी पण बसायला लागले, तर आईनं मला हातानं थांबवलं. "तू न्हाई. त्यानंच खायचं."

तिनं त्याच्या हातात भाकरी दिली आणि वाढायला लागली. चार जणांचं जेवण होतं ते. फाटकावरून जाणारी माणसं थांबून बघत होती, आणि दादा रडत होता आणि खात होता. मधेच त्यानं हात धुवायला म्हणून उठायचं केलं, तर आईनं खांद्यावर हात ठेवून त्याला परत खाली बसवलं. शेवटचा पुडा रिकामा होईपर्यंत तिनं त्याला उठू दिलं नाही.